त्रेसष्टावं रेकॉर्डिंग

रोज सकाळी सात वाजून चार मिनिटांनी रसेल केसलरला गेलेली एक मेल परत येत असे. ती पाठवणारं माणूस कुणी नव्हतं. ओहायोतल्या गोदामात कोणते पंप आणि कोणत्या झडपा किती उरल्या आहेत याची यादी आपोआप तयार करून रसेलकडे धाडायची, असा एक लहानसा प्रोग्रॅम अकरा वर्षांपूर्वी रसेलनेच लिहिलेला होता. रसेल कंपनीतून गेला, त्याचा पत्ता बंद झाला. प्रोग्रॅमला ते कुणी सांगितलं नाही. तो इमानेइतबारे यादी पाठवत राहिला, आणि पत्ता सापडत नाही असा शेरा घेऊन ती यादी अनघा टिपणीसकडे येत राहिली. रसेलची सिस्टिम आता सिंगापूरहून ती सांभाळत होती.

ते थांबवायला एक ओळ खोडली असती तरी पुरलं असतं. अनघाने दोनदा तो प्रोग्रॅम उघडलाही होता. पण त्या ओळीच्या डोक्यावर रसेलने एक सूचना लिहून ठेवली होती : हे काढण्याआधी रसला विचारा. दोन्ही वेळा तिने ती वाचली, आणि कशाला हात न लावता फाइल मिटली.

२०१६ सालच्या ऑक्टोबरात, दिवाळी चार दिवसांवर आली असताना, मंगळवारी सकाळी ती परतलेली मेल आली आणि तिच्याखाली आणखी एक. पाठवणारा : रसेल केसलर. अनघाच्या हातातला चहाचा कप ओठांशी थांबला. वर्षभर या नावाने नुसता नकार येत होता; आज त्या नावाने मजकूर आला होता. तो त्याच्या घरच्या पत्त्यावरून आला आहे हे ध्यानात यायला तिला क्षणभर लागला.

रसेलने लिहिलं होतं :

‘अनघा, मला विसरली नसशील अशी आशा आहे. गेल्या वर्षी पाच नोव्हेंबरला मला कंपनीत पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला पासष्टीपर्यंत आरोग्यविमा द्यायचा, असा आमच्याकडचा जुना करार आहे. माझी मुदत सहा तारखेपर्यंत होती. तीस ऑक्टोबरला काम पूर्ण झाल्याचा शेरा आला आणि त्याच दुपारी मला सोडण्यात आलं. सहा दिवस कमी पडले. माझी बायको लोईस, तिच्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. बाहेरून घेतलेल्या विम्यात तिचा सर्जन बसत नाही, म्हणून आम्ही ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. वकील म्हणतो, काम खरं तर पूर्ण झालं नव्हतं आणि पाच तारखेलाही ते माझ्याकडून करून घेतलं गेलं, असं दाखवता आलं तर काही होऊ शकेल. त्या गुरुवारी तू मला फोन केला होतास. तू नेहमी रेकॉर्ड करायचीस. ते जपलं असशील तर पाठव, आणि सोबत तुझ्या दोन ओळी. चार नोव्हेंबरपर्यंत कागद द्यायचे आहेत. यात तुझी अडचण होईल हे मला कळतं. उत्तर आलं नाही तर मी काय ते समजेन.’

अनघाने लॅपटॉप मिटला. स्वयंपाकघरात तिचा नवरा अभय त्यांच्या मुलीचा, पूर्वीचा, शाळेचा डबा भरत होता. खाली, इमारतीच्या तोंडाशी, शाळेची बस यायची वेळ झाली होती. सगळं रोजच्यासारखंच होतं, आणि तरीही घरात कुणीतरी चौथं येऊन बसलं आहे असं तिला वाटत राहिलं.

रसेलकडून काम शिकून घेण्याच्या त्या प्रकाराला सगळे ‘केटी’ म्हणत, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. जाणाऱ्या माणसाने येणाऱ्याला आपलं ज्ञान सोपवायचं, तेवढं होईपर्यंत त्याला ठेवून घ्यायचं, मग निरोप. इंजिनियरिंगला असताना विषय राहून कधी केटी लागली नाही ती सिंगापुरात येऊन लागली, हा निशिकांत सरांचा विनोद पहिल्या दिवसापासूनचा. निशिकांत कुलकर्णी अनघाचे वरिष्ठ. दहा वर्षांपूर्वी पुण्यात तिचा इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला होता, तेव्हापासून ऑफिसातले सगळे त्यांना नुसतं निशिकांत म्हणत असले तरी तिच्या तोंडी ‘सर’ राहून गेलं होतं.

ओहायोतल्या त्या गावात कंपनीच्या कचेरीत एक्केचाळीस माणसं होती. त्यांची कामं इकडे सिंगापुरात अलेक्झांड्रा रोडवरच्या ऑफिसातल्या सहाजणांकडे आली. सहाच्या सहा एम्प्लॉयमेंट पासवरचे, म्हणजे बाहेरून येऊन इथल्या मुदतीच्या परवान्यावर काम करणारे. अनघाच्या वाट्याला रसेल आला. ऑगस्ट ते ऑक्टोबर, आठवड्यातून पाच दिवस, तो तिला शिकवत होता. मोठा, खर्जातला, सावकाश आवाज. अवघड जागा आली की तो म्हणायचा, ‘आता इथे जरा जपून.’ जिना उतरताना मागच्या माणसाला सांगावं तसं. तिचं नाव तो ‘अनागा’ असं म्हणे. वेळेच्या फरकामुळे तो घरूनच बोले; त्याच्या मागे कुठेतरी एक भिंतीवरचं घड्याळ दर पाव तासाला वाजे. कधी एक बाई खोकत असे. माझी बायको, एवढंच त्याने एकदा सांगितलं होतं. आपली भाकरी समोरच्याच्या हाती देतो आहे असं त्याच्या बोलण्यातून कधीही जाणवलं नाही. अनघाने मात्र ते जाणवून घ्यायचंही टाळलं होतं.

बासष्ट विषय होते, बासष्ट रेकॉर्डिंग्ज. प्रत्येक विषयाची एक ओळ एका तक्त्यात होती. शिकून झालं की ओळ हिरवी करायची. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या की खाली अनघाने आपलं नाव घालून लिहायचं : हे काम मला आता स्वतंत्रपणे करता येतं.

मुदत सहा नोव्हेंबर होती. एकोणतीस ऑक्टोबरला निशिकांत सर तिच्या टेबलाशी आले नि म्हणाले, “उद्या सगळं हिरवं करून टाक. उरलंसुरलं पुढच्या आठवड्यात उजळणीत बघ.”

गोदामातल्या मालाच्या वर्षअखेरीच्या मोजणीचं प्रकरण तिला नीटसं कळलं नव्हतं. पण ‘उजळणी’ हा शब्द ऐकताच तिच्या मनातली शंका विरून गेली. दहावीला पोर्शन सप्टेंबरातच संपायचा, आणि मग मार्चपर्यंत नुसती उजळणी. पोर्शन वेळेआधी संपवणारी वर्गशिक्षिका हुशार, तो वर्ग हुशार, ती मुलं हुशार. संपलं म्हणजे शिकवणारे निघून गेले असं कधी झालं नव्हतं. उलट शंका विचारायचे दिवस तिथूनच सुरू होत. तीस तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, तिने शेवटची ओळ हिरवी केली, खाली नाव घातलं आणि वेळेच्या एक आठवडा आधी काम संपवल्याच्या आनंदात पूर्वीसाठी आइस्क्रीम घेऊन घरी आली.

सोमवारी चॅटच्या यादीत रसेलचं नाव करड्या रंगाचं झालेलं होतं.

मोजणीचं कोडं तिला गुरुवारपर्यंत सुटलं नाही. शुक्रवारी सकाळी पूर्वी शाळेला निघायच्या आधीच, ओहायोत गुरुवारची संध्याकाळ असताना, तिने त्याला घरी फोन लावला. ‘अडलीस तर असू दे’ म्हणून त्यानेच नंबर दिला होता. तो नाही म्हणाला नाही. तिने सवयीने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. हे त्रेसष्टावं. कंपनीतून गेलेल्या माणसाला कंपनीची सिस्टिम उघडून दाखवणं नियमात बसत नव्हतं, म्हणून ते तिने ऑफिसच्या फोल्डरमध्ये कधी ठेवलं नाही. ते तिच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये राहिलं. जेवढं कळायला हवं होतं तेवढं त्याच दिवशी कळलं होतं. ती फाइल तिने पुन्हा उघडली नव्हती.

आता त्या गोष्टीला वर्ष होत आलं होतं. बासष्ट रेकॉर्डिंग्ज अजून रोज वापरात होती. नवीन लागलेल्या प्रत्येकाला ती पाहावी लागत. पॅन्ट्रीत जाताना कुणाच्या तरी इअरफोनमधून तो खर्जातला आवाज झिरपत असे. कधी दोन टेबलांवर दोन वेगवेगळे रसेल एकाच वेळी बोलत असत. कोणी काही गडबड केली की ऑफिसातले लोक त्याची नक्कल करून म्हणत, ‘आता इथे जरा जपून.’ सगळे हसत. मंगळवारपासून अनघाला हसता येईना.

बुधवारी दुपारी ती आणि निशिकांत सर जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवायला गेली. कोपऱ्यातल्या टीव्हीवर अमेरिकेच्या निवडणुकीची बातमी चालू होती : एक मोठं मैदान, टोप्या घातलेली माणसं, हातात पाट्या. आवाज बंद होता. शेजारच्या टेबलावरचे दोन चिनी आजोबा कॉफी ढवळत टीव्हीकडे बघत होते आणि माना हलवत होते.

“बघ, बघ, तुझ्या रसेलचं गाव दाखवतायत वाटतं,” निशिकांत सर डोसा मोडत म्हणाले. “आपल्यालाच शिव्या चालल्या असणार.”

“सर, रसेलला पंचवीस वर्षं व्हायला सहा दिवस कमी होते. तुम्हाला माहीत होतं?”

निशिकांत सरांचा हात ताटात थांबला. “कुणी सांगितलं तुला?”

“माहीत होतं?”

“नव्हतं,” ते म्हणाले. मग चटणीची वाटी उगाच सरळ केली. “मला तिकडून एवढंच आलं होतं की शुक्रवारपर्यंत हिरवं हवं. का हवं, ते मी विचारलं नाही. तूही मला विचारलं नाहीस.”

“मला वाटलं उजळणी आहे.”

“मग! मलाही तसंच काहीतरी वाटून घ्यायचं होतं.” ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “अगं, एक वर्ष झालं त्याला. भूत लागल्यासारखी काय बसलीयेस? तुझ्या पासची मुदत डिसेंबरात संपतेय ना? नवा देताना यंदा इथली मिनिस्ट्री फार चौकशा करतेय. इथला माणूस का नाही घेतला, हीच का, सगळं विचारतात. मला तुझ्यासाठी दणदणीत पत्र लिहायचंय. त्यात काही नको तो शब्द यायला नको, कळलं का?”

“कळलं.”

“जेव मग. थंड होतंय.”

टीव्हीवरच्या मैदानातली माणसं काहीतरी एका सुरात म्हणत होती. त्यांची तोंडं एकाच वेळी उघडत, मिटत होती. अनघाने त्या चेहऱ्यांमध्ये एक चेहरा शोधला आणि मग तिच्या लक्षात आलं की रसेल दिसतो कसा हे तिला ठाऊकच नाही. तीन महिने त्याने तिला फक्त आपल्या कॉम्प्युटरचा पडदा दाखवला होता. तिच्याकडे होता तो निव्वळ आवाज.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने अभयला सगळं सांगितलं. अभय विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक होता. त्याचा करार वर्षअखेरीस संपत होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. म्हणजे हे क्वीन्सटाउनमधलं भाड्याचं घर, पूर्वीची शाळा, सगळं डिसेंबरनंतर अनघाच्या पासवर उभं राहणार होतं. दोघांनाही ते माहीत होतं, त्यामुळे बोलायची गरज पडली नाही.

“रेकॉर्डिंग नुसतं पाठव ना,” अभय म्हणाला. “दोन ओळी वगैरे नको. कुणीतरी पाठवलं असं होऊ दे.”

“त्यात माझाच आवाज आहे, अभय. कुणीतरी कोण?”

“मग नको पाठवूस.” तो ताटं गोळा करू लागला. “मी दुष्टपणाने नाही म्हणत. त्याच्यासाठी वाईट वाटतंच आहे. पण आपण तरी कुठे पंचवीस वर्षांच्या करारावर आहोत? आपल्याला दोन वर्षांचा एक कागद मिळतो, नि तोसुद्धा दुसऱ्याच्या पत्रावर.”

“म्हणूनच तर मला…” तिने वाक्य सोडून दिलं.

पूर्वीने खोलीतून डोकं बाहेर काढलं. “तुम्ही फाइट करताय? सो नॉइझी लाह.”

“नाही गं. झोप.”

“आई, हू इज रसेल?”

अनघाने अभयकडे पाहिलं. “मला काम शिकवायचे ते सर,” ती म्हणाली.

शनिवारी दीपावलीची सुट्टी होती. पहाटेची अंघोळ, फराळ, सगळं उरकल्यावर अभय पूर्वीला घेऊन मरीन परेडला मित्राकडे गेला. मी मागाहून येते, असं अनघा म्हणाली. घर रिकामं झालं. दारात मेणाच्या दोन पणत्या जळत होत्या. तिने लॅपटॉप उघडला, इअरफोन लावले आणि वर्षापूर्वीची ती फाइल सुरू केली. पाठवायची की नाही ते नंतर ठरवू; आधी त्यात आहे काय ते तरी ऐकावं, एवढंच तिने मनाशी म्हटलं होतं.

एक्केचाळीस मिनिटं. पहिली वीस-बावीस तिला जवळजवळ पाठ होती. मोजणी, तफावत, आता इथे जरा जपून. रविवारी घड्याळं एक तास मागे घेतली, रसेल सांगत होता, ‘एक तास जास्तीचा मिळालाय, त्याचं काय करावं तेच कळत नाही.’ तेविसाव्या मिनिटाला लांबून पूर्वीची हाक आली : “आई, बस कमिंग!” आणि अनघाचा स्वतःचा आवाज, घाईचा : “एक मिनिट हं, रसेल.” खुर्ची सरकली. पावलं. दार.

तिला आठवलं. ती बाहेर कॉरिडॉरच्या कठड्याशी उभी राहून बस हलेपर्यंत हात करत होती, रोजच्यासारखी. दोन-तीन मिनिटं गेली असतील. रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं होतं. त्या दोन-तीन मिनिटांत आपल्या घरात काय झालं हे तिला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

आधी नुसता पंखा ऐकू आला. मग कोकिळा, पहाटे पाचपासून ओरडणारी, शेजाऱ्यांनी टाउन कौन्सिलकडे तक्रार केलेली. मग पलीकडून घड्याळाचे टोले. आणि एका बाईचा आवाज, धाप लागल्यासारखा.

“तेच लोक का?”

“अनागा आहे,” रसेल म्हणाला.

“तू आता तिथे नोकरीला नाहीस, रस.”

“अडलीये ती.”

अनघाने श्वास रोखून धरला होता. जणू तिने श्वास सोडला तर त्या दोघांना कळलं असतं की कुणीतरी ऐकतं आहे.

“तिला सांगितलंस? सहा दिवसांचं?”

“नाही.”

“का नाही?”

“तिने काय करायचं त्याचं? तिच्या डोक्यावरही कुणीतरी असेलच.”

कोकिळा पुन्हा ओरडली, चढत्या सुरात, पाच-सहा वेळा.

“हे काय ओरडतंय?” लोईसने विचारलं.

“तिच्याकडचा पक्षी आहे कुठला तरी. पहाट आहे तिथे. मुलगी शाळेला निघालीये, म्हणून ती उठून गेली.”

“थांब, ऐकू दे.”

आणि मग पलीकडची दोघंही गप्प झाली. अनघाच्या रिकाम्या घराचा आवाज ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकत होती. कुठून तरी खालून, अस्पष्ट, पूर्वीचं ‘बाय, आई!’ आलं. अगदी हलक्या आवाजात, कुणाला ऐकवण्यासाठी नव्हे, लोईस म्हणाली, “बाय, राणी.”

मग रसेल म्हणाला, “आज पंचवीस झाली असती. केक आणायला हवा होता.”

“आणलाय,” लोईस म्हणाली.

पावलं आली, खुर्ची सरकली. “सॉरी, सॉरी, रसेल,” वर्षापूर्वीची अनघा म्हणत होती. “कुठे होतो आपण?”

“काही हरकत नाही,” रसेल म्हणाला. “हं. आता इथे जरा जपून.”

अनघाने इअरफोन काढले. घरात पंखा चालू होता. खिडकीपलीकडच्या झाडावर कोकिळा होती, तीच असेल किंवा दुसरी. तिने मागे वळून पाहिलं. खुर्ची, टेबल, पूर्वीचं दप्तर, कुणी नव्हतं. पण वर्षभर आपण त्या माणसाच्या आवाजाने पछाडलेले आहोत असं ती समजत होती, आणि त्या घरातही कुणीतरी आपल्या घराला कान देऊन बसलं होतं, ही गोष्ट तिला आज कळत होती. पणत्या विझेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मरीन परेडला जायचं राहूनच गेलं.

सोमवारी सकाळी तिने रसेलला सगळंच्या सगळं रेकॉर्डिंग पाठवलं. मधला भाग कापावा का, याचा तिने बराच विचार केला होता. तो त्यांचा खाजगी होता. पण पाच तारखेला पंचवीस झाली असती हे त्या भागातच होतं, आणि तो भाग आपल्यापाशी ठेवून घ्यायचा हक्क आपल्याला नाही असंही तिला वाटलं. त्याबद्दल तिने मेलमध्ये स्पष्ट लिहिलं : मी नसतानाचं तुमचं बोलणं यात आहे, मी ते परवाच प्रथम ऐकलं, काय वापरायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. सोबतच्या पत्रात चार वाक्यं होती. तीस ऑक्टोबरला काम पूर्ण झालेलं नव्हतं. पूर्ण झाल्याचा शेरा माझा होता आणि तो खरा नव्हता. पाच नोव्हेंबरला, म्हणजे इथल्या सहा तारखेच्या सकाळी, मी स्वतःहून फोन करून रसेल केसलर यांच्याकडून काम समजून घेतलं. हे मी कुणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. खाली तिने पूर्ण नाव घातलं, वर्षापूर्वी घातलं होतं तसंच.

मग ती निशिकांत सरांच्या केबिनमध्ये गेली आणि दार लोटून घेतलं.

सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “पाठवलंस, की पाठवणार आहेस?”

“पाठवलं.”

“मला कशाला सांगितलंस? सांगितलं नसतंस तर मला माहीत नसतं.”

“म्हणूनच सांगितलं, सर.”

त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. चष्म्याशिवाय ते एकदम थकलेले दिसत होते. त्यांचाही मुलगा इथेच, बिशानच्या शाळेत होता. “कायदा बघणारे लोक आधी मलाच विचारतील. शुक्रवारी हिरवं कर असं कुणी म्हटलं, कुठल्या मेलवरून म्हटलं.”

“तुम्ही तोंडी म्हणाला होतात. मी पत्रात तुमचं नाव घातलेलं नाही.”

“ते कळलं मला. डिसेंबरच्या पत्राबद्दल मी आता काही बोलू शकत नाही, अनघा. खोटी आशा दाखवत नाही. आणि तुझं काम पुण्याच्या टीमला समजावून द्यायला सुरुवात करावी लागेल. नवा तक्ता येईल. तिकडून तारीख आली की…”

“तारीख मला विचारून घाला, सर. आणि शेवटची ओळ हिरवी करायच्या आधी पुण्यात जे कुणी शिकेल त्याला मी स्वतः विचारणार, की तुला खरंच येतंय का.”

निशिकांत सरांनी चष्मा पुन्हा घातला. ती उठली तेव्हा ते हलकेच म्हणाले, “आवाज कसा होता गं त्याचा? म्हणजे… वैतागलेला?”

“नाही,” अनघा म्हणाली. “तेच तर.”

त्या आठवड्यात रसेलकडून काहीच आलं नाही. रोज सात वाजून चार मिनिटांनी मात्र त्याची यादी परत येत राहिली. अभय दोन दिवस कमी बोलत होता, गुरुवारी त्याने आपण होऊन पुण्यातल्या एका संस्थेत अर्ज केल्याचं सांगितलं आणि म्हणाला, “हे तुझ्यामुळे नाही हं. करायचाच होता.” ते पूर्ण खरं नव्हतं, आणि तिने ते पूर्ण खरं असल्यासारखं ऐकून घेतलं.

शुक्रवारी, चार नोव्हेंबरला, पूर्वी अजून दूध पीत असतानाच अनघाच्या पडद्यावर एक मेल आली. पत्ता रसेलचा, पण लिहिणारी लोईस होती.

‘रस सध्या एका हार्डवेअरच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला जातो, म्हणून मी लिहिते आहे. तुझे कागद वकिलाने आज जमा केले. काय होईल ते कुणी सांगत नाही, आणि मीही विचारायचं सोडून दिलं आहे. आमचं सगळं बोलणं आम्ही त्याला दिलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, केकसुद्धा होता. मंगळवारी आमच्याकडे मतदान आहे. आमच्या रस्त्यावर घरोघरी पाट्या लागल्या आहेत आणि माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. शेजारचा गॅरी त्याच कचेरीतून गेला. आपली कामं नेणाऱ्यांबद्दल तो जे बोलतो ते तुला लिहून कळवण्यासारखं नाही. मी रसला म्हटलं, त्याला एकदा तो पक्षी ऐकव. रसने ऐकवला. गॅरी काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. तुला एक विचारायचं होतं. ती मुलगी अजून त्याच बसने जाते का?’

अनघा उत्तर लिहायला बसली. हो, त्याच बसने, तिने लिहिलं. आता तिसरीत आहे. डिसेंबरनंतर जाईल की नाही, हे लिहावं का, याचा विचार करत असतानाच सात वाजून चार मिनिटं झाली आणि ओहायोतल्या पंपांची, झडपांची यादी नेहमीप्रमाणे परत आली. पत्ता सापडत नाही.

तिने ती यादी जरा वेळ तशीच उघडी ठेवली. मग लोईसच्या पत्राखाली आणखी एक ओळ घातली : रस घरी आला की त्याला सांगाल का, मला त्याला एक गोष्ट विचारायची आहे, एक ओळ काढायची आहे. घाई नाही. त्याला सवड होईल तेव्हा.